वसंता अत्याची चौकशी

शुक्रवारी संध्याकाळी वसंता अत्यानं पाळणाघरातल्या छोट्या देवेशला त्याच्या आजोबांच्या हाती देऊन टाकलं आणि रविवारी दुपारी त्यावरून घरात बैठक बसली. मधला शनिवार सगळ्यांनी एकमेकांची तोंडं चुकवण्यात घालवला. दोन मजल्यांच्या घरात ते सोपं नसतं, पण या घराला अबोल्याचा सराव दांडगा.

खालच्या मजल्यावर ‘सेंबरुत्ती’ पाळणाघर, वरच्या मजल्यावर वेंकटरावांचं बिऱ्हाड. फाटकाशी जास्वंद होती आणि जास्वंदीला तमिळमध्ये सेंबरुत्ती म्हणतात, एवढाच त्या नावाचा इतिहास. वेंकटरावांची बायको श्रीरंजनी आणि विधवा होऊन कुंभकोणमहून माघारी आलेली त्यांची बहीण वसंता, या दोघींनी शेजारची पोरं हॉलमध्ये सांभाळायला घेतली तेव्हा चेन्नईच्या अण्णा नगरात पाळणाघर कशाशी खातात ते कुणाला ठाऊक नव्हतं. श्रीरंजनी गेली. आता पाळणाघर मुलगी जननी चालवते. वसंता अत्या मात्र पहिल्या दिवसापासून फाटकाशी आहे, सकाळी मुलं घ्यायला आणि संध्याकाळी द्यायला.

जननीनं कारभार हाती घेतला तो नियमांसकट. कॅमेरे आले. आयांची पोलीस पडताळणी आली, प्रत्येकीला नेमणूकपत्र आलं, ठरलेली रजा आली. मुलं झोपलेली असताना खोलीत दोन मोठी माणसं हवीतच. आणि सगळ्यांत कडक नियम फाटकाचा: आईबापांनी कळवलेल्या माणसाखेरीज कुणाच्याही हाती मूल द्यायचं नाही. दिलं तर चौकशी, आणि दोष ठरला तर काम संपलं. दोन वर्षांपूर्वी कनका नावाच्या आयाचं काम असंच संपलं होतं. तिनं एका मुलीला मामाबरोबर सोडलेलं जननीनं कॅमेऱ्यात पाहिलं आणि दिवेलागणीच्या आत कनका फाटकाबाहेर होती. बाकीच्या आयांनी ते पाहिलं आणि त्यानंतर नियम मोडायची कुणाची छाती झाली नाही.

आता ती झाली होती, आणि तीही घरच्या अत्याची. सकाळपासून आया कोपऱ्याकोपऱ्यांत कुजबुजत होत्या असं शनिवारी जननीला वाटलं, आणि ते नुसतं वाटणं नव्हतं.

देवेशची आई कुमुदिनी मूळची नाशिककडची, इथं बँकेत अधिकारी. नवरा कार्तिक चेन्नईतला, वेंकटरावांच्यासारख्याच तंजावर मराठी घरातला. दोघांचं फाटलं होतं, मुलाच्या ताब्याचा खटला चालू होता, आणि मूल फक्त माझ्याच हाती द्यायचं असं कुमुदिनीनं लिहून दिलं होतं. हे अत्याला चांगलं ठाऊक होतं. पण शुक्रवारी फाटकाशी पांढरी वेष्टी नेसलेले एक गृहस्थ येऊन उभे राहिले. हातात टी. नगरच्या कुठल्याशा रेशमी दुकानाची पिशवी. ‘‘मी राघोत्तम, देवेशचा आजा,’’ असं त्यांनी घरच्या मराठीत सांगितलं. अत्यानं ओळखपत्र मागितलं नाही. तिनं तिच्या पद्धतीनं पडताळणी केली.

‘‘तंजावरात कोठं तुमचं घर?’’

‘‘मेल वीथीत. देवीच्या कोविलाच्या मागच्या अंगाला.’’

‘‘गोत्र?’’

‘‘काश्यप.’’

‘‘घरची देवी?’’

‘‘तुळजाभवानी. नवरात्राला अजून घट बसतो.’’

‘‘आंबट भाजीत काय घालतां, शेंगदाणे की चणे?’’

‘‘दोनी,’’ म्हातारे म्हणाले. ‘‘अमची अम्मा दोनी घालायची.’’

इतकं सगळं जुळल्यावर आणखी काय हवं? कुठल्या पोलिसानं एवढी कसून पडताळणी केली असती? अत्यानं देवेशच्या पायांत सँडल घातले आणि त्याला आजोबांच्या हाती दिलं. आजोबांनी नातवाला आइसक्रीम खाऊ घातलं, नवा शर्ट त्याच्या अंगाला लावून पाहिला आणि अंधार पडता पडता स्वतः त्याच्या आईच्या दारात नेऊन, कुलूप पाहून शेजारणीकडे सोडलं.

पण मधला सगळा वेळ कुमुदिनी याच फाटकाशी उभी होती. ‘‘तेचे आजे आले होते, फार सज्जन माणूस,’’ असं अत्यानं तिला हसतमुखानं सांगितलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. कुठं नेलं, कुणालाच सांगता येईना. जननीनं खुर्ची दिली, ती बसेना. मूल घरी पोचल्याचा शेजारणीचा फोन आला तेव्हा कुठं ती रडली. जाताना म्हणाली, ‘‘सोमवारी मला सांगा, तुम्ही काय केलंत ते. नाहीतर मला पुढं तक्रार न्यावी लागेल.’’

*

रविवारची जेवणं झाली. विजयेंद्र आणि त्याची बायको ऊर्मी दर रविवारसारखे शोळिंगनल्लूरहून आले होते. विजयेंद्र हा वेंकटरावांचा मुलगा, आयटी कंपनीत एचआरचा साहेब. माणसं नेमणं आणि काढणं हाच त्याचा धंदा, त्यामुळे आजच्या दिवशी त्याच्या शब्दाला नेहमीपेक्षा जरा जास्त वजन होतं.

वेंकटरावांचं मत मात्र आधीच ठरलेलं होतं, आणि ते म्हणजे काही ठरवू नये. सगळी हयात बँकेत गेली होती आणि बहुतेक भानगडी चार दिवस फायलीत पडून राहिल्या की आपोआप निवतात हा त्यांचा अनुभव होता.

‘‘मूल घरी पोचलं,’’ ते म्हणाले. ‘‘आजाच होता तो, दरोडेखोर नव्हे. त्या बाईला माफीचं एक पत्र द्या. सरी, झालं.’’

‘‘अप्पा, कनकाच्या वेळेला तुम्ही असं नाही बोललात,’’ जननी म्हणाली.

‘‘कनका वेगळी.’’

‘‘वेगळी कशी?’’

वेंकटराव पंख्याकडे पाहू लागले. उत्तर त्यांना ठाऊक होतं, पण ते मुलीच्या तोंडावर बोलण्याजोगं नव्हतं. त्यांना वाईट वाटत होतं ते बहिणीसाठी. आईविना दोन पोरं पदरात पडली तेव्हा हीच बहीण उभी राहिली होती. तिला कुणी चार शब्द सुनावावेत हे त्यांना सोसणार नव्हतं.

‘‘उद्या खालच्या बायकांना मी काय सांगू?’’ जननी म्हणाली. ‘‘आयाला एक नियम आणि मालकांच्या घराला दुसरा?’’

‘‘वेट, वेट,’’ विजयेंद्र म्हणाला. ‘‘एक टेक्निकल मार्ग आहे. पॉलिसी लागू कुणाला? एम्प्लॉयीला. अत्या एम्प्लॉयी आहे का? तिला नेमणूकपत्र नाही, तिची हजेरी नाही, रजा नाही. ती घरची आहे, मदत करत होती. म्हणजे चौकशीचा प्रश्नच येत नाही. कुमुदिनीला लिहायचं, संबंधित व्यक्ती आमच्या स्टाफवर नाही, यापुढं फाटकाशी दिसणार नाही. नियमही मोडला नाही, अत्यालाही काही झालं नाही.’’

‘‘पाहा!’’ वेंकटरावांचा चेहरा खुलला. ‘‘सुम्मा, उगीच दोन दिवस डोकं फोडून घेतलं. वसंता कोठं नोकर आहे? ती घरची!’’

ते त्यांनी अगदी मायेनं म्हटलं. पण वसंता अत्या त्याच क्षणी कापीचा ट्रे घेऊन दारात आली होती. तिनं ट्रे टेबलावर ठेवला, ज्याचा त्याचा टंबलर ज्याच्या त्याच्या पुढं सरकवला आणि स्वयंपाकघरात परत गेली. वेंकटरावांनी कापीचा घोट घेतला. साखर घालायची राहिली होती, आणि असं या घरात कधी होत नसे.

*

ऊर्मी अत्याच्या मागून गेली. खरं म्हणजे जायचं जननीनं, पण जननी हलली नाही.

ऊर्मी सांगलीची. तिची आणि अत्याची लग्नापासून जुळली नव्हती. ऊर्मीची मराठी ऐकून अत्या म्हणे, ‘‘ही रेडिओसारखी बोलते,’’ आणि अत्याची मराठी ऐकून ऊर्मी माहेरी फोनवर नक्कल करून दाखवी. दोघींना एकमेकींचं हे ठाऊक होतं. अत्या रडत असेल, आपण पाठीवर हात ठेवू आणि विषय संपवू, असा ऊर्मीचा हिशेब होता. अत्या रडत नव्हती. धुतलेले टंबलर ती पुन्हा धूत होती.

‘‘अत्या, विजय तुम्हाला वाचवायलाच बघतोय हो.’’

‘‘वाचवतो?’’ अत्यानं मागं पाहिलं नाही. ‘‘तेनं मला पुसून टाकलं गे.’’

‘‘तसं त्याच्या मनात नव्हतं.’’

‘‘मग काय होतं? ह्या फाटकातून किती पोरं आत आली, किती बाहेर गेली. त्यांतलीं कितीक आतां आपली पोरं घेऊन येतात. मी कोण होतें इतके दिवस? वाटेनं जाणारी? सुम्मा उभी होतें तेथं?’’

पाळणाघराचे पालकांना जाणारे सगळे ईमेल दर महिन्याला ऊर्मीच बसून लिहायची. घरचंच काम, त्यात काय, असं विजयेंद्र म्हणायचा आणि तीही म्हणायची. आपणही उद्या अशाच ‘संबंधित व्यक्ती’ होऊ, हे तिला भिंतीला टेकून उभी असताना लख्ख कळलं, आणि तिला नवऱ्याचा राग आला.

‘‘तुम्हाला काय हवंय, अत्या?’’

अत्यानं नळ बंद केला. हात पदराला पुसले.

‘‘मला काढायचं तर काढा म्हणावं. पण आधी नेमा.’’

बाहेर येऊन ऊर्मीनं ते जसंच्या तसं सांगितलं. विजयेंद्र हसला, मग बायकोचा चेहरा पाहून थांबला.

‘‘तू कुणाच्या बाजूनं आहेस?’’

‘‘अत्यांच्या,’’ ऊर्मी म्हणाली.

हे वाक्य या घरात आजवर कुणी ऐकलं नव्हतं. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या अत्यानंसुद्धा आपण नीट ऐकलं का, अशा नजरेनं भाचेसुनेकडे पाहिलं.

*

जननी खाली ऑफिसात गेली आणि आयांना देतात तेच तमिळमधलं नेमणूकपत्र छापून वर घेऊन आली. नाव, पद, कामाची वेळ, रजा, सोबत नियम. तारखेची जागा तिनं कोरी ठेवली होती, कारण तारखेवरून वाजणार हे तिला ठाऊक होतं.

‘‘आजची घाल,’’ विजयेंद्र म्हणाला.

‘‘आजची कशी?’’ ऊर्मी म्हणाली. ‘‘पाळणाघर सुरू झालं त्या दिवसाची घाला.’’

‘‘अगं, मागची तारीख घातली की मागचं सगळं अंगावर येतं. कुठलाही वकील हेच सांगेल.’’

‘‘येऊ दे,’’ वेंकटराव म्हणाले.

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. काही ठरवू नये म्हणणारा माणूस काहीतरी ठरवून बसला होता.

‘‘मघाशी मी बोलून गेलों,’’ ते बहिणीकडे न पाहता म्हणाले. ‘‘नोकर नव्हे, घरची, म्हणून. ते तिला लागलं. मला कळलं नाही, कापी प्यायलों तेव्हां कळलं. श्रीरंजनी असती तर तिनं पहिल्या दिवसाचीच तारीख घातली असती. घाल गे, जननी.’’

जननीनं तारीख घातली. अत्यानं चष्मा लावून पत्र सावकाश वाचलं, ओठ हलवत, बोट ओळीवरून फिरवत. ‘‘हेड केअरगिव्हर म्हणजे काय?’’

‘‘मुलं सांभाळणाऱ्यांतली मुख्य.’’

‘‘हं,’’ अत्या म्हणाली. तिला ते आवडलं होतं, लपवायचा तिनं प्रयत्न केला पण जमला नाही. तिनं तमिळमध्ये सही केली. मराठी तिला बोलता येत होती, लिहायला कुणी शिकवली नव्हती. मग ती ताठ बसली.

‘‘आतां चौकशी कर.’’

‘‘अत्या, राहू दे ना आज.’’

‘‘कां? बाकीच्यांची करतात ना? कर.’’

जननीनं कोरा कागद पुढं ओढला. वर अत्याचं नाव लिहिलं. लहानपणी हिच्याच मांडीवर बसून आपण दहीभात खाल्ला, हिनंच ताप आला की डोक्यावर पट्ट्या ठेवल्या, आणि आता आपण हिला प्रश्न विचारणार.

‘‘तुला नियम माहीत होता?’’

‘‘होता.’’

‘‘देवेशच्या आईनं काय लिहून दिलंय ते माहीत होतं?’’

‘‘तेही.’’

‘‘मग का दिलंस?’’

‘‘माणूस खरा होता.’’

‘‘अत्या, खरा असेल. पण त्याला द्यायचं नव्हतं.’’

‘‘होय.’’ अत्याचा आवाज खाली आला. ‘‘ती पोरगी फाटकाशी उभी होती. पावम, बिचारी, खुर्ची दिली तरी बसली नाही. आजा खरा असून तिला काय उपयोग? चूक माझी. लिही.’’

वेंकटरावांनी श्वास सोडला. चूक कबूल केली, आता ताकीद देऊन विषय मिटेल. विजयेंद्रनंही मान हलवली. जननीनं शेवटचा प्रश्न विचारला, तो विचारायचा म्हणून. त्याचं उत्तर काय यायचं ते सगळ्यांना ठाऊक होतं.

‘‘पुन्हा असं कुणी आलं तर?’’

अत्यानं नेमणूकपत्र उचलून पुन्हा सहीपर्यंत वाचलं.

‘‘नाही म्हण,’’ वेंकटराव हळूच म्हणाले.

‘‘तूं थांब, अण्णा.’’ अत्यानं चष्मा काढला. ‘‘आज मी नाही म्हणीन, जननी. खऱ्या मनानं म्हणीन. पण उद्यां कोणी म्हातारा आला, अमच्या बोलीत दोन शब्द बोलला, अम्माची आंबट भाजी बोलला, तर मी फाटक उघडीन. ही बोली आतां ऐकायला मिळते कोठं? तुम्ही पोरंसुद्धा इंग्रजीच बोलतां. कोणी बोललं की मला वाटतं, माझा आहे तो. मला मी ठाऊक आहे.’’

‘‘अत्या...’’

‘‘पोरं माझ्याकडं ठेवूं नक्को.’’

आणि एवढं बोलल्यावर ती रडली. मोठ्यानं, नाक ओढत, पदराचा बोळा तोंडाशी धरून. मुलांशिवाय तिला दुसरं काही नव्हतं आणि ते तिनं आपल्या हातानं सोडलं होतं. ऊर्मी उठून तिच्या शेजारी बसली. जननीचेही डोळे भरले, पण तिनं लिहिलं. दोष मान्य. काम संपलं, आजपासून.

अत्यानं डोळे पुसले, कागद आपल्याकडे वळवून पाहिला आणि विचारलं, ‘‘कनकाला हे सगळं विचारलं होतंस?’’

‘‘काय?’’

‘‘हेच. नियम माहीत होता कां, कां दिलंस, पुन्हां देशील कां.’’

जननीला खोटं बोलता येईना. ‘‘नाही.’’

‘‘एकही?’’

‘‘कॅमेऱ्यात सगळं दिसत होतं, अत्या.’’

‘‘माझंही दिसत होतं की.’’

जननी उठली. गॅलरीत जाऊन तिनं फोन लावला. नंबर अजून तिच्याकडे होता. कनका आता मोगप्पेरला दुसऱ्या कुणाची मुलं सांभाळत होती, एवढं तिला ठाऊक होतं. कनकानं आवाज लगेच ओळखला, बरं आहे ना मॅडम, म्हणाली, पाट्टी, म्हणजे अत्या, कशी आहे म्हणाली. जननीनं तमिळमध्ये, अडखळत, दोन वर्षांपूर्वीचा प्रश्न विचारला. त्या दिवशी त्या मुलीला मामाबरोबर का पाठवलंस?

‘‘तिच्या आईनंच सांगितलं होतं, मॅडम,’’ कनका म्हणाली. ‘‘तुमचा ऑफिसचा फोन लागत नव्हता. माझ्या मोबाइलवर केला. भाऊ येतोय, त्याच्याबरोबर पाठव म्हणाल्या.’’

‘‘मग तू बोलली का नाहीस?’’

‘‘तुम्ही बोलत होतात, मॅडम. तुमचं बोलणं संपलं तेव्हा मी फाटकाबाहेर होते.’’

‘‘आणि त्या बाई? त्यांनी तरी...’’

‘‘त्यांना वाटलं मी आपणहून काम सोडलं. तुम्ही सगळ्या पालकांना तसंच सांगितलं होतंत ना?’’

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर जननीला बरं वाटलं असतं. मला माफ कर, असं जननी म्हणाली, आणि पलीकडे कुकरची शिट्टी वाजली. मग कनका म्हणाली, ‘‘भात झाला, मॅडम. ठेवू का?’’

जननी आत आली. सगळे तिच्याकडे पाहत होते.

‘‘काय म्हणाली?’’ अत्यानं विचारलं.

‘‘तिनं नियम मोडलाच नव्हता,’’ जननी म्हणाली. ‘‘आईचा फोन आला होता तिला. मी विचारलंच नाही.’’

विजयेंद्र काहीतरी म्हणणार होता. कायद्याच्या दृष्टीनं आता काही होणार नाही, असंच काहीतरी. ऊर्मीनं त्याच्याकडे पाहिलं आणि त्यानं निवलेल्या कापीचा टंबलर उचलला.

वसंता अत्यानं चौकशीचा कागद टेबलावरून भाचीपुढं सरकवला.

‘‘माझ्या नावाखाली जागा आहे,’’ ती म्हणाली. ‘‘तुझं नाव लिही.’’

‘‘ह्याची गरज नाही, वसंता,’’ वेंकटराव म्हणाले.

‘‘आहे, अप्पा,’’ जननी म्हणाली.

ती बसली आणि तिनं तमिळमध्येच लिहिलं. आपलं नाव, कनकाचं नाव, कनकाला काय विचारायला हवं होतं आणि काय विचारलं नाही, पालकांना कोणतं खोटं सांगितलं, आणि ही गोष्ट उद्या खालच्या सगळ्या बायकांसमोर वाचून दाखवायची. लिहून झाल्यावर साक्षीदाराची सही हवी होती. अत्यानं चष्मा पुन्हा लावला, सगळं वाचलं आणि सही केली. नोकरीतली तिची ती शेवटची सही होती.